कातळात नारळ

"कोण आहे हा गृहस्थ? समोर आणा त्याला! आत्ताच्या आत्ता आणा!"

मयेकर सर ओरडत होते. आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, दुपारच्या चहाला, हातातले कागद पंख्यासारखे हलवत. खोटं सांगत नाही, त्या आवाजानं खाली मिरकरवाड्याच्या बंदरात सुरमईचा लिलाव अडला. कुणीतरी वरची बोली लावली असं समजून सगळे टेकडीकडे बघत राहिले म्हणे.

"सहा अक्षरांचे तीस कोटी शब्द होतात म्हणून सांगतो आणि वर वाचकालाच दम भरतो! ह्या माणसानं जन्मात कधी नारळ पुरलेला नाही! नागवेकरबाई, तुम्ही सांगा, पुरला असेल का?"

नागवेकरबाई म्हणजे मी. माझी कपबशी ओठ आणि टेबल यांच्या मध्यावर अधांतरी थांबली होती. सरांच्या हातातल्या तिसऱ्या पानावर एक चौकोन होता आणि त्याची डावी बाजू पोट सुटल्यासारखी बाहेर आलेली होती. तो चौकोन आखताना आमच्या मांजरानं माझ्या पट्टीवर उडी मारली होती. दुसरा कागद घ्यायचा कंटाळा केला आणि तसाच पाठवला. म्हणजे सर ज्या गाढवाला समोर आणायला सांगत होते, ते गाढव दोन हातांवर बसून त्यांच्याच डब्यातलं थालीपीठ खात होतं.

दर फाल्गुनात मला ही दुपार आठवते. सड्यावर काजूची बोंडं पिकून त्यांचा आंबूस वास सुटला, गावातून ढोलाचा पहिला ठोका आला, की इतकी वर्षं होऊनही मी हातातली कपबशी आधी खाली ठेवते. ढोल वाजतो पालखीसाठी, आणि मला ऐकू येतात मयेकर सर.

आता इकडे बघा. ऐंशीच्या दशकाचा तो उत्तरार्ध. संगणक नावाची वस्तू मी तोवर एकदाच पाहिली होती, तीही एका कचेरीत काचेआड, वर झालर लावलेलं कापड घातलेली. देव्हाऱ्यापुढे काढतात तशा बाहेर चपला काढायला लावल्या होत्या. पण मुंबईला संगणकातल्या माहितीच्या सुरक्षेवर एक परिषद भरणार होती, आणि त्यांना पेपर हवे होते. मशीन नसलं तरी गणित होतं माझ्याकडे. संगणकाला आपली ओळख पटवायला परवलीचा शब्द द्यावा लागतो, एवढं मी वाचलं होतं. मग बसले आणि मोजलं. इंग्रजीतली कुठलीही सहा अक्षरं घेतली तर तीस कोटींच्या वर शब्द होतात. चोरानं दर सेकंदाला एक शब्द लावून पाहिला तरी सगळे संपवायला त्याला दहा वर्षं लागतील. तेवढ्यात चोराची मुलगी लग्नाची होईल. तर असा शब्द सुरक्षित आहे, असं मी छातीठोकपणे सिद्ध करून पाठवलं. गुपितं राखण्यावर पेपर लिहिला, आणि लिहिला कुणी, तर जिच्या तोंडात तीळ भिजत नाही असं सासर आणि माहेर दोन्हीकडे एकमतानं ठरलेलं आहे, तिनं.

पण एक गुपित मी राखलं होतं. पेपर पाठवल्याचं कॉलेजात कुणालाही सांगितलं नव्हतं, प्रिन्सिपॉल सोडून. ते म्हणाले होते, "बाई, पेपर स्वीकारला गेला तर मुंबईच्या वर्षभराच्या संगणक कोर्सला तुम्हाला पाठवतो, पगारी. नाही गेला, तर तो विषय पुन्हा काढायचा नाही."

वर्षभर मुंबई! आमचे हे गोदीत कारकून. लग्न झाल्यापासून हे तिकडे आणि मी इकडे. गणपतीला आणि शिमग्याला एस्टीतून उतरायचे, चार दिवस घरात पाव्हण्यासारखे वावरायचे, आणि निघताना मीठ कुठल्या बरणीत आहे ते नुकतं कळलेलं असायचं. प्रिन्सिपॉलांचं बोलणं मी पत्रानं कळवलं, तर उलट टपाली ह्यांचं उत्तर आलं, एकाच ओळीचं. खोलीत दुसरी खुंटी ठोकली आहे. माझ्या साड्यांना. त्या खुंटीचं मला स्वप्न पडायचं, भिंतीतून उगवून झाडाएवढी व्हायची.

आणि आता तो पेपर मयेकर सरांच्या हातात.

परिषदेची पद्धत अशी, की लेखकाचं नाव काळ्या शाईनं झाकायचं आणि कागद त्या विषयातल्या दोघा जाणकारांकडे तपासायला पाठवायचे. लेखकाला परीक्षक कळत नाही, परीक्षकाला लेखक कळत नाही. अख्ख्या हिंदुस्थानात मोजदादीच्या गणितात मुरलेली माणसं इतकी, आणि त्या मुंबईकरांना त्यांतले एक सापडले कोण, तर ज्यांच्या टेबलाला माझं टेबल चिकटलेलं आहे ते! आमच्या गणित विभागात माणसं दोन. मी गेले, तर वर्षभर माझे सगळे तास सरांच्या बोडक्यावर. ते त्यांना ठाऊक नव्हतं अजून. पण मला होतं ना. लाल शाईचं पेन त्यांच्या हातात, आणि माझी खुंटी त्या पेनाच्या टोकावर.

सांगून टाकावं, तर नियम मोडतो आणि पेपर बाद. गप्प राहावं, तर रोज दुपारी स्वतःच्या श्राद्धाला जेवायचं.

लहानपणी आमच्याकडे शिमग्याला सोंगं घेऊन नाचणारे खेळे यायचे, त्यांत संकासूर असायचा. काळे कपडे, तोंडावर काळा बुरखा, डोक्यावर उंच टोकदार टोपी, कमरेला घुंगरं. आम्ही पोरं किंचाळत माडीवर पळायचो. माझी एक आतेबहीण मात्र ओटीवर बसून राहायची. म्हणाली, "घाबरतेस काय गो? पाय बघ त्याचे. आपला गोपाळमामा हाय तो." तेव्हापासून मला बुरख्याचं भय नाही, बुरख्यावर विश्वासही नाही. पण त्या महिन्यात मी विश्वास ठेवला. काळी शाई आहे, आपण झाकलेल्या आहोत, पाय साडीच्या आत आहेत, असं स्वतःला समजावत राहिले.

सर मात्र रोज ओरडायचे. शिपायाला वाटे, बारावीच्या मुलाचा पेपर आहे. तो हळहळून विचारी, "सर, दोन मार्कांनी वर काढता नाय यायचा?" सर गरजत, "शून्य! आवार मोजलंन् सगळं, जमीन नाही बघितलीन्!"

मी लेखकाची बाजू घ्यायची. "अहो सर, बिचाऱ्यानं सिद्ध केलंय नीट. दुसरं प्रमेय किती सुरेख आहे!"

"सुरेख? तुम्हाला काय माहीत दुसरं प्रमेय सुरेख आहे ते? मी पहिलंच वाचून दाखवलंय."

"नाही म्हणजे, पहिलं इतकं सुरेख आहे तर दुसरं असणारच."

"हं," म्हणत सर मिशीत बोट घालायचे आणि पुन्हा नारळावर यायचे. "नारळ पुरायला पाठवा ह्याला! एक शिमगा पुरू दे!"

ह्या नारळाचा मला फार राग यायचा. गणितात चूक असेल तर चूक दाखवा, नारळ काय काढता? शिवी आहे का ही? आमच्याकडे शिमग्याला बोंब मारायची मुभा असते. वर्षभर ज्याच्याबद्दल बोलता येत नाही, त्याच्याबद्दल होळीपुढे मोकळेपणी ओरडून घ्यायचं. नाव घ्यायचं नाही, फक्त आवाज चढवायचा. ज्याला लागायचं त्याला लागतं. मला वाटलं, सरांनी आपला शिमगा महिनाभर आधीच स्टाफरूममध्ये मांडला आहे.

पुण्याला माझा भाचा असतो. तोही हल्ली ह्याच विषयातले पेपर तपासतो. परवा आला होता, मांडीवर लॅपटॉप, शेजारी काजूच्या ओल्या गरांची उसळ. म्हणाला, "मावशी, आता नावं अगदीच कळत नाहीत. दोन्हीकडून झाकलेली." मी इतकी हसले की उसळीतली मिरची टाळूला चिकटली. त्याला म्हटलं, "वाचत असताना कुणाचा तरी आवाज ऐकू येतो की नाही?" तो लॅपटॉप मिटून म्हणाला, "येतो. पण आम्ही तो ऐकू न आल्यासारखं करतो." हे मात्र पोरगं खरं बोललं.

तर त्या वर्षी शिमग्याला मी माहेरी गेले. माहेर आरे-वारेच्या वरच्या अंगाला, सड्यावर. सडा म्हणजे मैलभर पसरलेला जांभा कातळ. फाल्गुनात दुपारी त्यावर अनवाणी उभं राहिलात तर तळपायाचं थालीपीठ होतं. खाली समुद्र दिसतो, निळा आणि गार, आणि तुमच्या काही उपयोगाचा नाही. हेही मुंबईहून थेट तिथंच आले होते. आल्या आल्या मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "काय झालं गो?" मी म्हटलं, "परीक्षक चांगला मिळालाय." हे खुलले. "मग झालंच!" म्हणाले. मी पुरणयंत्र फिरवायला लागले.

आमच्याकडे पालखीचा एक खेळ असतो, त्याला खूण काढणं म्हणतात. गावातला एक माणूस सहाणेच्या आवारात, पालखी बसते त्या जागेजवळ, गुपचूप एक नारळ पुरतो. वर माती सारखी करतो, चार पावलं फिरवतो, कुणाला पत्ता लागू देत नाही. मग देवीची पालखी खांद्यावर घेऊन माणसं नाचत नाचत आवारभर फिरतात, आणि पालखी बरोबर त्या जागेवर जाऊन झुकते. तिथं खणलं की नारळ निघतो. सगळं गाव अंगावर काटा येऊन हात जोडतं. लहानपणापासून बघत आले, आणि दर वर्षी माझाही काटा उभा राहतो.

त्या वर्षी नारळ पुरायचा मान आमच्या भाईकाकांकडे होता. काका बोटीवरून निवृत्त झालेले, एडनला एका मगरीला हाताळून आलेले. एडनला मगर असते का हे विचारायची घरात कुणाची छाती नव्हती. माझं बढाईचं रक्त कुठून आलं, ते कळलं असेलच.

दुपारची जेवणं झाली होती. गाव पालथं पडलेलं. मी मागच्या पडवीत एकटी, पुरण वाटत बसले होते. पडवीच्या कुडापलीकडे सहाणेचं आवार. मला दिसत काही नव्हतं. कुडाला सोनचाफा टेकलेला, फुलांचा वास आणि पुरणातला जायफळाचा वास एकमेकांत मिसळलेला. आणि पलीकडून आवाज आला.

टण.

पहारीचा आवाज. काका जागा शोधत होते. पुन्हा, जरा डावीकडे, टण. मग दूर, टण. काकांची पुटपुट ऐकू आली, "ह्यो मेला कातळ." टण. टण. मग चाफ्याच्या बुंध्याकडे, अगदी माझ्या पाठीशी,

थप.

माझा हात थांबला. पुरण हातातच राहिलं.

आता इकडे बघा. कुठल्याही माणसाला विचारलं असतं, सहाणेचं आवार केवढं आहे, तर तो म्हणाला असता, केवढं मोठं! नारळ कुठंही असेल! पण कुठंही कसा असेल? सगळा कातळ आहे. कातळात पहार जात नाही. माती आहे ती चाफ्याशी, तुळशीशी आणि विहिरीच्या कडेला. पुरणारा मोठा वस्ताद असला तरी पुरणार तिथंच, जिथं हाताला सोपं जातं. मी डोळे मिटून, न उठता, पुरण वाटता वाटता नारळ शोधला होता! देवीची गोष्ट वेगळी. तिला कान लावावा लागत नाही. पण मला लागला, आणि तेवढा पुरला.

आणि मग ती वीज माझ्यावर पडली. तीस कोटी शब्द! त्यांतले कातळ किती? कोण शहाणा आपला परवलीचा शब्द अर्थ नसलेल्या सहा अक्षरांचा ठेवणार? माणूस बायकोचं नाव ठेवील, गावाचं ठेवील, देवीचं ठेवील. मी स्वतः काय ठेवला असता? तोंडातून आपसूक निघालं. बांगडा! इंग्रजीत नेमकी सहा अक्षरं! चोराला दहा वर्षं कशाला हवीत? त्यानं रत्नागिरीत येऊन एक जेवण जेवावं, संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाची कुलपं उघडतील.

मी आवार मोजलं होतं. जमीन नव्हती बघितली.

पुढची पुरणपोळी माझ्या हातून अशी जाड झाली की आई म्हणाली, "ही दाराला अडसर म्हणून ठेवायची का?" मला काही ऐकू येत नव्हतं. संध्याकाळी पालखी नाचत आली, गुलाल उडाला, ढोलांनी छाती आतून बडवली, पालखी चाफ्याशी झुकली आणि खणून नारळ निघाला. सगळ्यांनी हात जोडले. मी तर आधीपासूनच जोडून उभी होते. शेजारी हे उभे होते, केसांत गुलाल, माझ्याकडे बघून हसत. म्हणाले, "पुढल्या शिमग्याला दोघं एकाच गाडीनं येऊ." मला गुलालात रडता आलं, हे एक बरं झालं.

सर्वांत मोठा प्रश्न पुढे होता. हे भगदाड मला दिसलं होतं. सरांना नेमकं दिसलेलं नसावं, अशी मी मनाची समजूत घातली. ते नुसते नारळ नारळ करत होते. मी गप्प बसले, तर कदाचित दोन शिव्या देऊन सही करतील, आणि मी साड्यांची ट्रंक भरायला मोकळी. एस्टीत बसून रत्नागिरीला परतताना मी देवीची, समुद्राची आणि त्या खुंटीची शपथ घेतली, की तोंड उघडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी चहाला सरांनी कागद काढले. श्वास घेतला. ओरडणार, इतक्यात मीच ओरडले.

"सर, चुकलंय त्याचं! माणसं शब्द निवडतात ते सोप्या जागी निवडतात! तीस कोटींतला बहुतेक कातळ आहे! खाली माती किती आहे ते मोजायला हवं होतं त्यानं!"

स्टाफरूममध्ये अशी शांतता पसरली, की बंदरातल्या बर्फाच्या लाद्या वितळताना ऐकू आल्या. तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात ना, माझ्या तोंडात अख्खी खुंटी भिजली नाही. माझ्याच पेपरावर मीच लाल रेघ मारली होती, आणि तीही इतक्या आवाजात की प्रिन्सिपॉलांच्या केबिनचं दार किलकिलं झालं.

मयेकर सर महिन्याभरात पहिल्यांदा हळू बोलले. "असं म्हणता? मग माती मोजायची कशी?"

मी म्हटलं, "गावं मोजायची, नावं मोजायची, मासे, देव, फुलं. ते शब्द वेगळे काढायचे, आणि ते वापरायला मशीननं बंदी करायची. मग उरलेला कातळ खरंच सुरक्षित." बोलता बोलता मला दिसत गेलं, की आधीच्यापेक्षा हा पेपर चांगला झाला असता. झाला असता.

"हं," म्हणाले सर. टोपण काढलं आणि लिहायला लागले. मी पाठ फिरवून खिडकीतून समुद्र बघत बसले. काही उपयोगाचा नाही तो.

ह्यांना पत्र लिहायला मी रोज बसायची आणि रोज मायन्यावर थांबायची. बोंडं गळून गेली. कैऱ्यांना कोय धरली. मग एके दिवशी मुंबईहून लिफाफा आला. परिषदेनं लिहिलं होतं, की दोन्ही परीक्षकांचं मत अनुकूल आहे. एका परीक्षकानं एक मोठी त्रुटी दाखवली आहे, ती दुरुस्त करून पाठवल्यास पेपर स्वीकारू. सोबत त्या परीक्षकाचं मत जोडलं होतं, अर्थात नाव झाकून. इंग्रजी होतं, पण त्या इंग्रजीच्या खाली मयेकर सर ढोलासारखे वाजत होते. लेखकानं आवार मोजलं आहे, जमीन बघितलेली नाही, असं पहिलंच वाक्य. आणि शेवटचं असं, की लेखकाला उपाय ठाऊक आहे, संधी द्यावी.

लेखकाला उपाय ठाऊक आहे! हे सरांना कुणी सांगितलं?

मी लिफाफा घेऊन स्टाफरूममध्ये धावले. सर डबा उघडत होते. थालीपीठच होतं.

"सर!" माझा श्वास पुरेना. "तुम्हाला माहीत होतं? हा पेपर कुणाचा आहे ते?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या ओळीपासून." त्यांनी थालीपीठाचा तुकडा मोडून माझ्यापुढे सरकवला. "गणिताचा पेपर 'नाऊ सी हिअर' म्हणून सुरू करणारं दुसरं कोण आहे? आता इकडे बघा, आता इकडे बघा. वर्गात तुम्ही म्हणता ते मला दोन भिंतींपलीकडे ऐकू येतं. मी त्यांना तसं कळवलं, लेखक ओळखीचा आहे म्हणून. त्यांनी कळवलं, ओळख राहू द्या, गणित बघा."

"आणि मी मुंबईला गेले तर तुमच्यावर—"

"प्रिन्सिपॉलांना विचारून वेळापत्रक मांडून झालंय माझं. सकाळचे तास जड जातील."

महिनाभर मी बुरख्यात होते, आणि पाय पहिल्या दिवसापासून उघडे. बांगड्याइतकी उघडी होते मी. मग एकदम संतापच आला.

"अहो, मग महिनाभर माझ्या कानाशी ओरडत कशाला होतात? सरळ सांगायचं होतं, बाई, इथं चुकलंय!"

मयेकर सरांनी घास गिळला, पाणी प्याले आणि म्हणाले,

"नाव घ्यायचं नाही, असा नियम होता. ओरडायचं नाही, असं कुठं लिहिलेलं नव्हतं."